पातं तेच, पाट नवा

औषधांमागचं रसायन : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

या वेळची पत्रं एकाच बाजूला झुकलेली आहेत. अमीबा, मलेरिया, आणि नवी गोळी जुनीपेक्षा खरंच चांगली असते का. जीवाणू-विषाणूंच्या गर्दीत या एकपेशीय परजीवींची आठवण फारशी कोणाला होत नाही, त्यामुळे मला बरंच वाटलं. त्यातली चार पत्रं घेते.

प्रश्न : माझ्या वडिलांना आव पडायची तेव्हा डॉक्टर मेट्रोनिडाझोल देत, दिवसातून तीन वेळा, आठवडाभर. गेल्या महिन्यात मला तोच त्रास झाला, तर डॉक्टरांनी सेक्निडाझोलच्या दोन गोळ्या एकदम घ्यायला लावल्या आणि म्हणाले, झालं. एवढं जहाल औषध या वयात झेपतं का?
– एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण

जहाल नाही, बाई, चिवट आहे. अमीबाला मारणारा भाग दोन्ही गोळ्यांत एकच. पाच कोनांची इमिडाझोल नावाची छोटी रिंग आणि तिच्या पाचव्या जागेवर बसलेला नायट्रो गट, म्हणजे एक नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन. अमीबा आतड्यात ऑक्सिजनवाचून जगतो. त्याची काही एन्झाइमं या नायट्रो गटाला इलेक्ट्रॉन देतात आणि त्यातून जे तयार होतं ते त्याचाच डीएनए तोडतं. म्हणजे गोळीतल्या रसायनाचं विष अमीबा स्वतःच करतो. आपल्या पेशींत ऑक्सिजन असतो, तो हे इलेक्ट्रॉन लगेच काढून घेतो, म्हणून आपण बचावतो.

फरक आहे तो रिंगच्या दुसऱ्या बाजूला. विळीचं पातं तेच ठेवून खालचा पाट बदलावा तसा. मेट्रोनिडाझोलमध्ये तिथे दोन कार्बनांची साखळी आणि टोकाला हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. सेक्निडाझोलमध्ये याच साखळीवर एक कार्बन आणि दोन हायड्रोजन जास्त. बस्स, एवढंच! पण मेट्रोनिडाझोलचं रक्तातलं प्रमाण साधारण ८ तासांत निम्म्यावर येतं, याच घराण्यातल्या टिनिडाझोलचं १२ ते १४ तासांत, आणि सेक्निडाझोलला १७ तास किंवा त्याहून जास्त लागतात. मारण्याची ताकद फारशी बदललेली नाही, मुक्काम वाढलाय. म्हणून वडिलांना दिवसातून तीनदा आणि तुम्हाला एकदाच.

मी नोकरीतली बरीच वर्षं तारापूरच्या एका कारखान्यात हीच रिंग बनवण्यात घालवली. आधी २-मिथाइल इमिडाझोलचं नायट्रेशन, म्हणजे त्यावर नायट्रो गट बसवणं, मग साखळी जोडायची. नायट्रेशन चालू असलं की शिफ्टवरचं कोणी चहालाही हलायचं नाही, सगळ्यांचे डोळे तापमानाच्या काट्यावर. साखळी जोडणं त्या मानानं सोपं काम. तरी बाजारात भाव ठरतो तो साखळीवरून, याची मला कायम गंमत वाटत आली.

या घराण्याचा मूळ पुरुष जपानी. तिथल्या संशोधकांनी १९५३ साली स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या सूक्ष्मजीवापासून अ‍ॅझोमायसिन वेगळं केलं. फ्रान्सच्या रोन-पूलाँक कंपनीला दिसलं की ते ट्रायकोमोनास या योनिमार्गातल्या परजीवीवर चालतं, पण त्याचा विषारीपणा आडवा येत होता. मग नायट्रो गट दुसऱ्या जागेवरून पाचव्या जागेवर, साखळ्या बदलून बदलून पाहा, असं करत १९५०चं दशक संपता संपता मेट्रोनिडाझोल निघालं. तुमच्या वडिलांना ते फ्लॅजिल म्हणून आठवत असेल. आमांशावर आणि यकृतातल्या अमीबाच्या गळवावर ते चालतं हे १९६६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या डॉक्टरांनी दाखवलं. त्याआधी एमेटिनची इंजेक्शनं होती, इपेकाक नावाच्या झाडाच्या मुळापासून काढलेली. ती हृदयावर येत, त्यामुळे रुग्णाला अंथरुणावरून उठू द्यायचे नाहीत. एमेटिनमध्येही थोडा बदल करून डीहायड्रोएमेटिन केलं गेलं, का, तर ते शरीरातून लवकर निघून जातं. म्हणजे तिथे मुक्काम कमी करणं ही सुधारणा आणि इथे वाढवणं ही सुधारणा. ‘सुधारित’ शब्द वाचला की पहिला प्रश्न हाच विचारायचा : मूळ औषधाची कोणती खोड काढली?

याच रिंगची एक गोष्ट आपल्या मुंबईची आहे आणि ती मुंबईकरांनाही माहीत नसते. गोरेगावला सिबा कंपनीचं संशोधन केंद्र होतं, १९६३ साली सुरू झालेलं, डॉ. टी. आर. गोविंदाचारी त्याचे संचालक. तिथे डॉ. के. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅट्रानिडाझोल शोधलं. बाकी सगळे साखळीशी खेळत होते. यांनी तिथे नुसता मिथाइल ठेवला आणि बदल केला दुसऱ्या जागेवर, तिथे नायट्रोजनमार्फत एक वेगळीच रिंग जोडली. हे औषध भारतात शोधलं गेलं आणि भारतातल्या औषधदुकानांत विकलंही गेलं. अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. ते केंद्र आता नाही.

बाई, अजून दोन गोष्टी. या घराण्यातली औषधं आतड्यातून चटकन रक्तात जातात, म्हणून आतड्याच्या भिंतीतल्या आणि यकृतातल्या अमीबाला गाठतात. पण आतड्याच्या पोकळीत राहिलेले सिस्ट, म्हणजे कवचात बसलेले अमीबा, त्यांच्या तावडीतून सुटतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यासाठी डायलॉक्सनाइड फ्युरोएटसारखं औषध लागतं. ते तुम्हाला दिलं होतं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. दुसरं, शौचाच्या रिपोर्टवर ‘सिस्ट दिसले’ एवढंच लिहिलेलं असेल तर घाबरू नका. एन्टामिबा डिस्पार नावाचा एक निरुपद्रवी भाऊबंद सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तसाच दिसतो. १९९३ पासून तो वेगळी प्रजाती मानला जातो, तरी आपल्याकडे त्याच्या नावानं अजून गोळ्या खाल्ल्या जातात. आणि साधे जुलाब झाले की अँटिबायोटिक आणि टिनिडाझोल एकत्र असलेली गोळी स्वतःच आणून घ्यायची, ही सवय मला अजिबात पसंत नाही.

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापूरला एम.एस्सी. ऑरगॅनिक करतोय. प्रोजेक्टमध्ये क्विनोलीनची काही डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे मूळ रेणूत बदल करून केलेली संयुगं, बनवली. मलेरियाच्या परजीवीवर बाहेरून तपासून घेतली, तर दोन संयुगं क्लोरोक्वीन या मलेरियाच्या जुन्या औषधापेक्षा चांगली निघाली. सर म्हणतात पेपर होईल. पण असे पेपर तर दर महिन्याला येतात. त्यातून औषधं का होत नाहीत?
– एक विद्यार्थी

पेपर होऊ दे, माझी ना नाही. पण तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही आणि मला तीच विचारायची आहे. क्लोरोक्वीनमध्ये तुला नेमकं काय खटकलं होतं?

प्लेटमध्ये परजीवी मारणं हा सगळ्यात सोपा टप्पा रे. फिनेलनंही मरतात. तपासलेला प्लास्मोडियम, म्हणजे मलेरियाचा परजीवी, क्लोरोक्वीनला दाद देणारा होता की न देणारा? तुझी दोन संयुगं पाण्यात विरघळतात का? यकृतातली एन्झाइमं त्यांची किती मिनिटांत वाट लावतात? माणसाच्या पेशी कितीला मरतात? हातात आहेत ती संयुगं बनवायला सोपी होती म्हणून बनवली की कशावर तरी उपाय म्हणून? माझ्या पिढीतही अल्डिहाइडची बाटली जी मिळेल ती घेऊन मालिका वाढवायची पद्धत होतीच.

आता मलेरियावरचंच आर्टेमिसिनिन बघ, खोड ओळखून केलेल्या बदलांचा नमुना. चीनमध्ये २३ मे १९६७ ला एक गुप्त लष्करी प्रकल्प सुरू झाला. त्यात यूयू तू यांनी चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात वाचलं की चिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्यायचा. उकळायचा उल्लेखच नाही. म्हणून त्यांनी १९७१ साली कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला आणि तो चालला. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं, हे तुला माहीत असेल. पण शुद्ध आर्टेमिसिनिनला एक मोठी खोड होती : ना धड पाण्यात विरघळत, ना तेलात. गोळी घ्यायच्याही अवस्थेत नसलेल्या बेशुद्ध रुग्णाला ते देणार कसं?

१९७३ साली सोडियम बोरोहायड्राइडनं त्याचा लॅक्टोन लॅक्टॉल केला, ते डायहायड्रोआर्टेमिसिनिन. इथे तू थांबून विचार करायला हवास. रेणूत ऑक्सिजनला ऑक्सिजन जोडलेला पेरॉक्साइडचा पूल आहे, आणि तू त्यात ऑक्सिजनचे बंध तोडू शकणारं क्षपणकारक घालतोयस. पूल आधी तुटायला हवा. तुटला नाही! आणि सगळी करामत त्या पुलातच आहे : परजीवी हिमोग्लोबिन पचवतो, त्यातून हीमचं लोह मोकळं होतं, ते हा पूल तोडतं आणि निघालेले मूलक, म्हणजे अतिक्रियाशील तुकडे, परजीवीच्या प्रथिनांना भाजून काढतात. पुलातला एक ऑक्सिजन काढलेलं डीऑक्सिआर्टेमिसिनिन करून पाहिलं, ते जवळपास निकामी. म्हणजे कुठे हात लावायचा नाही हे ठरलं आणि कुठे लावायचा हेही ठरलं. नव्या हायड्रॉक्सिलवर मिथाइल बसवला की आर्टेमेथर, तेलातलं इंजेक्शन. इथाइल बसवला की आर्टिईथर, ज्यावर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं (सीडीआरआय) काम केलं आणि जे आपल्याकडचे डॉक्टर तीन दिवस स्नायूत देत आले. सक्सिनिक आम्लाचा अर्धा एस्टर केला की आर्टेसुनेट, ज्याचं सोडियम मीठ पाण्यात विरघळतं आणि थेट शिरेत देता येतं. पण पाण्यात ते टिकत नाही. म्हणून वायलमध्ये पावडर येते आणि नर्स ती ऐन वेळी बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवते. २००५ साली भारतासह आशियातल्या चार देशांतली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली : गंभीर मलेरियात क्विनीनवर १०० पैकी २२ रुग्ण दगावले, आर्टेसुनेटवर १५. तिन्ही डेरिव्हेटिव्ह्ज शरीरात शेवटी डायहायड्रोआर्टेमिसिनिनच होतात. बदल सगळा पोचवण्याचा होता, आणि त्यानं शंभरातली सात माणसं वाचली.

खोड्या संपल्या का? छे. ही औषधं शरीरातून लवकर ओसरतात, म्हणून सोबत ल्युमेफँट्रिनसारखा लांब टिकणारा जोडीदार लागतो. शिवाय माल शेतात पिकतो, त्याचे भाव पावसापाण्यावर. त्यावर उपाय म्हणून पेरॉक्साइडचा पूल ठेवून बाकी रेणू पूर्ण प्रयोगशाळेत बनवला, ते आर्टेरोलेन. रॅनबॅक्सीनं २०१२ साली ते पिपेराक्वीनसोबत भारतात आणलं. वनस्पतीची गरजच काढून टाकली, हीही एक दुरुस्तीच.

तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग, चांगली संयुगं जातात कुठे. बहुतेक मरतात ती यकृतात किंवा उंदराच्या पोटात. पण काही मरतात कपाटात. वरच्या पत्रातल्या नायट्रोइमिडाझोल घराण्यातलंच एक, फेक्सिनिडाझोल, जर्मनीच्या होएक्स्टनं बनवून बाजूला ठेवलं होतं. ज्यांना त्याची गरज होती ते आफ्रिकेतल्या खेड्यांतले निद्रारोगाचे रुग्ण, त्यांच्या खिशात पैसे कुठले. शिवाय नायट्रो गट म्हटलं की एम्स टेस्ट, म्हणजे रसायनानं जीवाणूंच्या जनुकांत बदल होतात का याची चाचणी, पॉझिटिव्ह येते आणि मोठ्या कंपन्या लांब पळतात. डीएनडीआय या ना-नफा संस्थेनं जुनी नायट्रो संयुगं नव्यानं चाळली, त्यात हे सापडलं. सस्तन प्राण्यांच्या पेशींत तो धोका दिसत नाही हे तपासून घेतलं. काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात ३९४ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०१८ साली युरोपच्या औषध नियामकानं त्याला अनुकूल मत दिलं.

आता आकडे बघ आणि मला सांग, ‘सुधारित’ कोणतं. आधीच्या उपचारानं सुमारे ९८ टक्के रुग्ण बरे होत होते, फेक्सिनिडाझोलनं ९१. तुझ्या तक्त्यात हे खालच्या ओळीत गेलं असतं. पण आधीच्या उपचारात एफ्लॉर्निथिनची सलाइन दिवसातून दोनदा, सात दिवस, शिवाय निफर्टिमॉक्सच्या गोळ्या, आणि मेंदूपर्यंत आजार पोचलाय का हे बघायला पाठीतून पाणी काढणं. जिथे जायला रस्ता नाही तिथे सलाइनच्या बाटल्यांची खोकी न्यायची. फेक्सिनिडाझोल म्हणजे दहा दिवस जेवणाबरोबर गोळ्या. त्याहून मागे गेलास तर मेलार्सोप्रोल होतं, आर्सेनिकचं इंजेक्शन. शिरेत आग व्हायची आणि शंभरातले पाचेक रुग्ण औषधानंच जायचे. खोड रेणूबाहेरही असू शकते, रस्त्यात असते, सलाइनच्या स्टँडमध्ये असते. हे तुझ्या अभ्यासक्रमात नाही, असायला हवं असं माझं मत.

आपल्याकडे उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी हे ओळखलं होतं. काळ्या आजारावर (काला आजार) टार्टार एमेटिक हा अँटिमनीचा क्षार चालायचा, पण माणूस बेजार व्हायचा. त्यांनी कलकत्त्याच्या कॅम्पबेल इस्पितळातल्या, नळाचं पाणी आणि गॅसही नसलेल्या एका छोट्या खोलीत अँटिमनीला सेंद्रिय रिंगवर बसवलं, युरियाशी जोड दिली आणि १९२०च्या सुमारास युरिया स्टिबामाइन केलं. आसामातल्या साथीत त्यानं असंख्य लोक वाचले. तर पुढच्या पत्रात तुझी दोन संयुगं बाजूला ठेव आणि क्लोरोक्वीनची खोड एका वाक्यात लिहून पाठव. मग बोलू.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. व्हायवॅक्स मलेरिया निघाला की प्रायमाक्वीन १४ दिवस द्यायचं असतं. चौथ्या दिवशी ताप गेला की माणसं शेतावर जातात, गोळ्या डब्यात राहतात. एकाच दिवसाची गोळी निघाली आहे असं ऐकलं. ती आली तर आमचं काम सोपं होईल ना?
– गडचिरोली जिल्हा

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही ऐकलंत ते टॅफेनोक्वीन. ते प्रायमाक्वीनचंच डेरिव्हेटिव्ह. व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतात; त्यांना उठायच्या आत मारायचं काम ही दोन औषधं करतात. प्रायमाक्वीन सहा तासांत निम्मं उरतं, म्हणून १४ दिवस रोज. त्याच्या रिंगवर पाचव्या जागी फ्लोरीन असलेली एक मोठी बाजू आणि आणखी दोन छोटे गट जोडले, ते टॅफेनोक्वीन. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला १५ दिवस लागतात, म्हणून ३०० मिलिग्रॅमचा एकच डोस पुरतो. अमेरिकेच्या लष्करी संशोधन संस्थेत १९७८ साली बनलेल्या या औषधाला तिथली परवानगी २०१८ साली मिळाली.

पण सोय जिथून आली, धोकाही तिथूनच आला. काही माणसांच्या लाल पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. या औषधांनी त्यांच्या पेशी फुटतात, लघवी काळपट होते, अंगातलं रक्त झपाट्यानं उतरतं. प्रायमाक्वीन देताना असं दिसलं तर तुम्ही म्हणता, गोळी बंद करा आणि लगेच दवाखान्यात चला. टॅफेनोक्वीन एकदा पोटात गेलं की बंद करायला काही उरत नाही. म्हणून ते देण्याआधी रक्तातलं हे एन्झाइम मोजावं लागतं आणि ते ७० टक्क्यांच्या वर असावं लागतं. नुसतं ‘आहे-नाही’ सांगणारी पट्टी पुरत नाही. कारण हे एन्झाइम एक्स गुणसूत्रावरून येतं, त्यामुळे ज्या बायकांत ते अर्धवट असतं त्या पट्टीवर ठीक दिसतात. काही आदिवासी समाजांत ही कमतरता जास्त आढळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मोजण्याचं छोटं यंत्र उपकेंद्रापर्यंत पोचलं तर त्या गोळीचा उपयोग. तेव्हा गोळ्या मोजत घरोघर फिरणं कमी होईल, पण बोटातून रक्त घेणं वाढेल. तोवर डब्यातल्या चौदा गोळ्याच तुमच्या हाताशी आहेत. त्या रोज तुमच्यासमोर, जेवणानंतर घ्यायला लावणं, आणि लघवीचा रंग विचारणं. रंग विचारायला लाजू नका.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाला जिआर्डिया निघाला. घरात मेट्रोनिडाझोलची गोळी होती, ती कुटून मधात दिली तर त्यानं थुंकून टाकली. डॉक्टरांनी दिलेलं सिरप मात्र गोड मानून घेतो. सिरपवर बेन्झॉइल मेट्रोनिडाझोल लिहिलंय. हे हलकं औषध आहे का?
– एक आई, बदलापूर

जिआर्डिया हाही आतड्यातला एकपेशीय परजीवी. औषध तेच, हलकं नाही. मेट्रोनिडाझोल भयंकर कडू, मधानं झाकत नाही. त्याच्या हायड्रॉक्सिलवर बेन्झोइक आम्ल जोडलं की तयार होणारा एस्टर पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जे लाळेत विरघळत नाही त्याची चव जिभेला कळत नाही. पोटात गेल्यावर एस्टर तुटतो आणि मेट्रोनिडाझोल सुटतं. फक्त जोडलेल्या भागाचं वजन धरावं लागतं : २०० मिलिग्रॅम बेन्झॉइल मेट्रोनिडाझोलमध्ये साधारण १२५ मिलिग्रॅम मूळ औषध. म्हणून गोळीवरचा आकडा आणि बाटलीवरचा आकडा यांची आपल्या आपण तुलना करू नका आणि घरातली गोळी कुटून तर मुळीच देऊ नका. विरघळत नसल्यामुळे औषध तळाशी बसतं. बाटली न हलवता दिलीत तर सुरुवातीला नुसता पाक जाईल आणि शेवटच्या दिवशी सगळं औषध एकदम. प्रत्येक वेळी चांगली हलवा, आणि बाटलीबरोबर आलेल्या मापानंच द्या, घरातल्या चमच्यानं नको.